एक्केचाळिसावी खेळी

१

पाकिटातून निघालेला कागद कोरा होता.

पंढरीनाथ गायकवाडांनी तो उलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडाकडं धरून पाहिला, पाकिटात दोन बोटं घालून आत आणखी काही राहिलंय का ते चाचपलं. काही नव्हतं. टेबलावर पट मांडलेला होता, दोन्ही बाजूंना दोन मुली बसल्या होत्या, आणि घड्याळ सुरू करायला पुढं गेलेला त्यांचा डावा हात हवेतच राहिला होता.

"काका, वाचा ना खेळी," कमळ भोईर म्हणाली.

"तू काय लिहिलं होतंस, कमळ?"

ती हसली. "तोंडानं कशाला सांगू? पाकिटात आहे की."

पंढरीनाथांनी कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो हातात घेतला, उलटला, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

त्या काळी, म्हणजे १९९४ च्या फेब्रुवारीत, बुद्धिबळाचा लांबलेला डाव संध्याकाळी थांबवत आणि दुसऱ्या दिवशी पुढं खेळत. थांबवताना ज्याची चाल असेल त्यानं ती पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, पाकीट डिंकानं बंद करायचं, आणि झाकणाच्या जोडावर दोन्ही खेळाडूंनी सह्या करायच्या. पाकीट पंचाच्या ताब्यात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रात्रभर खेळी कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही ती बदलता येत नाही. पाकिटात खेळीच नसेल, तर नियम साधा होता. डाव हरला.

आणि हा डाव साधा नव्हता. सहा डावांची निवड लढत, पाच डावांनंतर दोघींचे अडीच-अडीच गुण. जी जिंकेल ती युरोपातल्या स्पर्धेला जाणार होती.

पंढरीनाथांनी रिकामं पाकीट पुन्हा उचललं. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भोईर – राऊत'. जोडावर दोन्ही सह्या होत्या, खऱ्या, रेघेला रेघ जुळलेल्या. झाकण उचकटल्याची खूण नव्हती. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला उचकटलेलं पाकीट हाताला कळतं. एकच गोष्ट जरा खटकली होती. नेहमीच्या सवयीनं त्यांनी पाकिटाच्या उजव्या कडेला चाकू लावला, तर तिथं कागद राठ लागला, पातं अडलं. म्हणून पाकीट फिरवून त्यांनी डावीकडून कापलं होतं.

"मी लिहिली होती, काका," कमळ म्हणाली. "आईशपथ लिहिली होती."

पाकीट ठेवलेल्या कपाटाची किल्ली पंच म्हणून रात्रभर पंढरीनाथांच्या खिशात होती. सगळ्या दिवाणखान्यानं आता त्यांच्याकडं पाहिलं.

२

दिवाणखाना म्हणजे नामा भोईरच्या साइझिंगच्या कारखान्यावरचा मजला. नामा हा कमळचा बाप. शेलार गावची भातशेती विकून त्यानं भिवंडीत गोदामं बांधली आणि हा कारखाना टाकला. खाली मागाच्या सुताला खळ लावत, आणि वर गेली आठ वर्षं बुद्धिबळाचा वर्ग भरे. आजूबाजूच्या लूमची खटखट इतकी सतत चाले, की खेळाडूंना ती ऐकूच येईनाशी झाली होती.

वर्ग केसरीनाथ केणीचा. भिवंडीत ग्रँडमास्टर म्हटलं की तोच. खाडीकाठच्या रेतीवाल्याचा मुलगा. लूमवर ड्युटी करता करता, शिफ्ट सुटल्यावर कापडाच्या गाठीवर बसून खेळायला शिकला. चाळिशी उलटल्यावर किताब मिळाला. तोवर उसना स्वेटर घालून, पिशवीत पोळ्या बांधून त्यानं किती देशांतल्या किती थंड हॉलमध्ये डाव मांडले होते, ते पंढरीनाथांना ठाऊक होतं, कारण त्याचे निकाल तारेनं त्यांच्याच पोस्टात येत. खेळता खेळताच तो शिकवू लागला होता; किताबानंतर स्वतः खेळणं सोडलं आणि शिकवणं तेवढं ठेवलं. शिकवलेल्यांत कमळ सगळ्यांत पुढं गेली.

आता केसरीनाथ मागच्या भिंतीला टेकून उभा होता. पन्नाशीचा माणूस साठीचा दिसत होता. तो पुढं आला, कोरा कागद पाहिला आणि म्हणाला, "नियम नियम आहे, पंढरी. निकाल दे."

"घाई काय आहे?" पंढरीनाथ म्हणाले.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नामा भोईर गणेशपुरीच्या एसटीनं उतरून थेट आला होता. काल दुपारीच तो होणाऱ्या व्याह्यांकडं मुक्कामाला गेला होता. कमळचं लग्न तिथं ठरत होतं. काय झालं ते कळल्यावर तो पंढरीनाथांच्या अंगावर गेला.

"किल्ली कोनाकडं हाय? तुमच्याकडं ना? मंग विचारायचं काय? पोरीची आठ वरसं गेली यात!"

"दुसरी किल्ली तुझ्या ऑफिसात खिळ्याला असते, नामा."

नामा एक पाऊल मागं सरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हंजे तुमी मला म्हनताय काय?"

पंढरीनाथांना दमल्यासारखं झालं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. गुडघे दुखत होते. कुणालाच काही म्हणायचं नव्हतं त्यांना. पण हा निकाल सही करून पाठवला, की दोन गोष्टींतली एक कायमची खरी ठरणार होती. एक तर कमळ वेंधळी, नाही तर पंच चोर.

"निकाल संध्याकाळी पाचला," त्यांनी जाहीर केलं. "तोवर कुणी भिवंडी सोडायची नाही."

कमळ उठून त्यांच्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "काका, ही सही माझी आहे. पण ती मी काल केलेली नाही."

३

त्यांनी तिला गच्चीच्या दारापाशी नेलं.

"म्हणजे काय?"

"मला सांगता येत नाही. काल सही करताना टेबल हललं होतं, माझा 'ळ' लांब गेला होता. आज बघतेय तर 'ळ' सरळ आहे." तिनं कपाळ दाबलं. "कोण ऐकणार हे? म्हणतील हरली म्हणून बोलते."

"काल डाव थांबल्यावर सरांबरोबर बसला होतात ना? खेळी सांगितली असशील त्यांना."

"नाही. मी थेट शेलारला घरी गेले."

"का?"

"आठ वर्षं प्रत्येक खेळी विचारून खेळले, काका. ही माझी मला सापडली होती. म्हटलं, एकदा बघू एकटीनं."

"आता मला सांग."

"सांगणार नाही. ती पाकिटातूनच निघायला पाहिजे. नाही तर मी आत्ता जुळवून सांगितली म्हणतील."

पंढरीनाथांना तिचं म्हणणं पटलं. ते नामाकडं गेले. नामा ऑफिसात पंख्याखाली बसला होता. किल्ली खिळ्यावर जागच्या जागी होती.

"ही पोरगी हरावी असं वाटतं तुला, नामा?"

"वाटतं," नामा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पोरगा मास्तर हाय, घर चांगलं हाय. ही परदेशी गेली तं ते थांबतील काय? पन गायकवाडभाऊ, मला तिला हरवायचंच असतं, तं काडी लावली असती त्या पाकिटाला. कोरा कागद घालायची अक्कल मला कुठली? पाकीट नसलं तं काय व्हतं आन् कोरं निघालं तं काय व्हतं, हे मला आत्ता वर पोरांनी सांगितलं."

बोलणं रांगडं होतं, पण पंढरीनाथ तिथंच थबकले. पाकीट हरवलं असतं, तर दोष पंचाचा. दोघी खेळाडूंच्या संमतीनं डाव पुढं चालू झाला असता, नाही तर नव्यानं खेळवला असता. पाकीट कोरं निघालं, तर दोष खेळाडूचा आणि डाव गेला. ज्यानं हे केलं त्याला नियम चांगले ठाऊक होते.

जिन्याखाली गुणाबाई भांडी घासत होती. वर झाडलोट आणि चहा तिच्याकडं. सकाळी दार उघडणारीही तीच.

"आज सकाळी कोण कोण आलं, गुणाबाई?"

"रोजचेच. सर सातला, पेपर वाचत बसले. मंग तुमी. मंग त्या दोगी पोरी. दुसरं कोन न्हाय." तिनं एक वाटी दगडावर आपटली. "आन् माझी च्याची वाटी कोनी खराब केली ते बगा! खळ भरून आनली खालून आन् संडासाजवल तशीच टाकली. ओली व्हती म्हनून निंगाली. कालची असती तं दगड झाला असता त्याचा."

"खळ? वर कशाला लागते खळ?"

"मला काय म्हाईत? फल्यावरचे कागद तं टाचनीनं लावतात."

पंढरीनाथांनी खिशातून पाकीट काढलं. उजव्या कडेवरून नख फिरवलं. मघाशी चाकू अडला होता ती जागा. नख जरा रुतलं. मग त्यांनी पाकीट नाकाजवळ नेलं.

आंबूस, पिठाळ वास. साइझिंगची खळ.

४

कड उकलली तेव्हा आत सरळ कापलेल्या दोन धारा दिसल्या. हे पाकीट आधी एकदा चाकूनं कापलं गेलं होतं, उजव्या बाजूनं, पोस्टातल्या माणसाच्या हातानं. त्यांच्याच हातानं.

मंगळवारी चौथा डावही असाच थांबला होता. तेव्हाही भोईर आणि राऊत याच दोघी, तेव्हाही जोडावर याच दोघींच्या सह्या. बुधवारी सकाळी त्यांनी ते उजव्या कडेनं कापून उघडलं होतं. झाकण, सह्या, अक्षर सगळं शाबूत राहिलं होतं. पाकिटावर डावाचा क्रमांक आणि वेळ लिहायची असते. त्यांनी ती दोन्ही वेळा वहीत लिहिली, पाकिटावर नाही. कंटाळा. एवढासा कंटाळा.

पण हे मनातलं झालं. पाकीट जुनं आहे हे सिद्ध कसं करायचं? सह्या तर खऱ्या होत्या.

शेवंता राऊत एकटीच पटासमोर बसून राहिली होती. डहाणूची, बँकेत कारकून, सत्तावीस वर्षांची. रजा टाकून आली होती. निकाल लागला असता तर या घडीला तीच विजेती होती.

"तुमची सही आहे ना ही?" पंढरीनाथांनी विचारलं.

तिनं पाकीट हातात घेतलं. "आहे." मग भुवया आकसल्या. "हे काय? तिची सही निळी कशी?"

"का? काय झालं?"

"काल तिचं निळं पेन मधेच संपलं. तुम्ही तेव्हा चहाला खाली गेला होतात. मी माझं काळं दिलं. सहीपण तिनं त्याच पेनानं केली, मग मला परत दिलं. हे बघा." तिनं पर्समधून पेन काढून त्यांच्या वहीवर रेघ ओढली. काळी.

पंढरीनाथांनी कमळचा कालचा खेळ्यांचा कागद काढला. बत्तिसाव्या खेळीपर्यंत निळी शाई, तेहतिसावी अर्धी निळी आणि अर्धी काळी, पुढं चाळिसाव्यापर्यंत सगळं काळं. मग पाच मिनिटांनी केलेली सही निळी असणं शक्यच नव्हतं.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तर जिंकला होतात," ते शेवंताला म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "मघापासून तेच मनात येत होतं. चांगलं नाही वाटत."

पंढरीनाथ खुर्चीत बसले. आता एकेक माणूस गळत होता. शेवंताला पेन बदललेलं माहीत होतं. तिनं हे केलं असतं, तर निळ्या सहीचं पाकीट वापरलंच नसतं, आणि वापरलं असतं तर दाखवलं नसतं. नामाला नियम माहीत नव्हते, आणि खळ ओली होती तेव्हा तो गणेशपुरीला होता. गुणाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. उरला तो, ज्याला नियम पाठ होते, जो सकाळी सातला आला होता, ज्याला खालच्या ऑफिसातली खिळ्यावरची किल्ली घेता आली असती, आणि ज्याला लांबून पेन बदललेलं दिसलं नव्हतं.

तरी त्यांनी चौथ्या डावाची फाईल उघडून पाहिली. खेळीचा कागद होता. पाकीट नव्हतं. ती फाईल आठवडाभरात त्यांच्या कपाटातून एकदाच बाहेर गेली होती. बुधवारी, वर्तमानपत्रात डावावर लेख लिहायचा म्हणून, एका मित्रानं ती मागून नेली होती. त्यांनी न तपासता परत घेतली होती.

त्यांनी चपला घातल्या. त्यांना खरं तर घरी जाऊन झोपायचं होतं.

५

बायको चंपा गेल्यापासून केसरीनाथ खाडीजवळच्या दोन खोल्यांत एकटा राहत असे. दार उघडंच होतं. तो जमिनीवर बसून ताटात तांदूळ निवडत होता.

"ये पंढरी. उशीर केलास."

"वाट बघत होतास माझी?"

"अकरापासून."

"पाकीट कुठंय?"

केसरीनाथनं सदऱ्याच्या खिशातून ते काढून दिलं. बंद होतं. जोडावर काळ्या शाईत कमळची सही, 'ळ' लांब ओढला गेलेला.

पंढरीनाथांनी ते उलटसुलट पाहिलं. "उघडलं नाहीस?"

"बंद खेळी आहे ती," केसरीनाथ म्हणाला. "ती कशी उघडणार मी?"

पंढरीनाथांना हसावं की रडावं ते कळेना. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"का केलंस हे?"

केसरीनाथ तांदळातला खडा शोधत राहिला. "सत्त्याऐंशी साली तू मला तार केली होतीस. चंपा गेल्याची. आठवतं?"

"आठवतं."

"तिथल्या स्पर्धेच्या लोकांनी ती दाबून ठेवली. खेळाडूचं लक्ष विचलित व्हायला नको म्हणे. शेवटची फेरी झाल्यावर दिली. मी पहिला आलो होतो. ग्रँडमास्टरकीसाठी तीन स्पर्धांत ठरावीक गुण लागतात, त्यातली पहिली स्पर्धा ती. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बोटं मोजत होतो. त्या दिवशी चंपाचं दहावं होतं, पंढरी." त्यानं खडा बाजूला टाकला. "पुढं काय मिळालं? हॉल, गाड्या, धर्मशाळा. परत यावं तर घराला कुलूप. या पोरीचं तेच होणार. नामानं पाहिलेलं घर चांगलं आहे. ही हरली असती तर वर्षभरात विसरली असती."

"पोरीच्या बापाला ती हरावी असं वाटत होतं, तरी त्यानं पाकिटाला हात लावला नाही. तू लावलास."

केसरीनाथनं ताट बाजूला सरकवलं.

"केसरी," पंढरीनाथ म्हणाले, "मी जन्मभर लोकांची पाकिटं हाताळली. वर पत्ता एक असतो, आत मजकूर वेगळाच. हे सगळं वरचं झालं. आतलं सांग."

खाली खाडीवरून रेतीच्या बोटीचं इंजिन घरघरत गेलं. केसरीनाथनं हात पुसले.

"आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं मला खेळी सांगितली नाही. सही केली, 'येते सर' म्हणाली आणि गेली. मी घरी येऊन पट मांडला. हत्तीच्या सगळ्या खेळ्या पाहिल्या. प्याद्याच्या पाहिल्या. कुठंच जिंकता येत नव्हतं. मग ती एवढी निवांत का होती? तिला काय दिसलं होतं? पहाटेपर्यंत मला कळलं नाही. मी ग्रँडमास्टर आहे, पंढरी, आणि मला कळलं नाही."

"म्हणून ती खेळी कुणालाच दिसू नये?"

"बुधवारचं पाकीट माझ्याकडंच राहून गेलं होतं. सकाळी ते घेऊन जाताना मनात चंपा होती. खरंच होती. पण तू विचारलंस म्हणून सांगतो. दोन्ही होतं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"अहवालात काय लिहिणार?" केसरीनाथनं विचारलं.

६

वाटेत पंढरीनाथ एका गोदामाच्या कट्ट्यावर बसले. लिहायला खूप काही होतं आणि न लिहायलाही. पाकीट कपाटाच्या मागं पडलं होतं असं म्हटलं, तर कोण विचारणार होतं? डाव पुढं चालला असता, केसरीनाथचा वर्ग राहिला असता, चार महिन्यांनी ते स्वतः पेन्शनवर गेले असते. निळ्या सहीचं पाकीट जाळून टाकलं की संपलं.

पण सकाळी तिनं शपथ घेतली तेव्हा तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. कपाटामागची कहाणी सांगितली, तर कोरा कागद कुठून आला याचं उत्तर उरत नव्हतं, आणि लोकांनी ते उत्तर जन्मभर तिच्या नावावर शोधलं असतं.

पाच वाजता त्यांनी सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. केसरीनाथ मागं दारात येऊन उभा राहिला होता. नामा शिवी हासडून त्याच्याकडं धावला. कमळनं बापाचा हात धरला.

"आबा, थांबा." ती केसरीनाथकडं वळली. "सर, पटावर मला कितीदा हरवलंत. मी कधी रडले काय?"

"नाही."

"मग पटावर हरवायचं होतं."

तिनं पुन्हा त्याच्याकडं पाहिलं नाही.

पंढरीनाथांनी शेवंताला विचारलं, डाव पुढं चालवायला तिची संमती आहे का. तिनं खरं पाकीट हातात घेतलं, काळी सही निरखली आणि ते परत दिलं. "माझ्याच पेनाची आहे. बसू या."

या वेळी चाकू उजव्या कडेला सरळ गेला. आतल्या कागदावर एकच ओळ होती. पंढरीनाथांनी वाचली आणि पटावर खेळी केली. पांढरा राजा, एक घर मागं.

खिडकीशी जमलेल्या लूमवाल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "अरे, ये क्या? पीछे?" दिसायला ती वाया घालवलेली चाल होती. पण आता काळ्याची पाळी आली, आणि काळ्याकडं एकही सुरक्षित चाल नव्हती. जे हलवावं ते निसटत होतं. केसरीनाथनं दारातून दोन पावलं पुढं टाकली, पट पाहिला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

शेवंतानं पंचवीस मिनिटं विचार केला आणि एक प्यादं सोडलं.

कमळ जिंकायला आली होती. सगळ्यांना ते दिसत होतं. मग एकोणसाठाव्या खेळीला तिनं प्यादं घाईनं पुढं ढकललं, शेवंताचा हत्ती मागून आला आणि डाव बरोबरीकडं झुकला. बरोबरी झाली असती तर लढतीचा निकाल चिठ्ठी टाकून लागणार होता. शेवंतानं बरोबरी देऊ केली. कमळनं मान हलवली. तिला चिठ्ठी नको होती. तिनं डाव ताणला, आणखी ताणला, आणि सव्वासातला, सगळं ताणून झाल्यावर, हरली.

तिनं हात पुढं केला. शेवंतानं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

७

लोक पांगले. शेवंता गाडीला गेली. पंढरीनाथ कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून अहवाल लिहीत होते. एकही वाक्य त्यांनी मऊ केलं नाही, तरी प्रत्येक वाक्यानंतर पेन खाली ठेवावं लागत होतं. केसरीनाथ शेजारी सही करायला उभा होता.

"वर्ग बंद होईल," पंढरीनाथ म्हणाले. "कदाचित किताबावरही येईल."

"लिही."

"चल घरी," नामा पोरीला म्हणाला. त्याच्या आवाजात सकाळचा जोर नव्हता. "झालं ते झालं. लग्नाचं मागनं बगू. तुला पायजे तवा बगू."

कमळ उठली नाही. ती पटावर सोंगट्या मांडत होती. एकोणसाठाव्या खेळीची जागा मांडून झाल्यावर तिनं मान वर केली.

"सर, उद्यापासनं मी येनार न्हाय."

"बरोबर आहे."

"कुनी विचारलं तं खरं तेच सांगनार."

"सांग."

"मग आता दाखवा. इथं काय चुकलं?"

केसरीनाथ जागचा हलला नाही. "मला आता काय अधिकार..."

"अधिकाराचं काका लिहितायत. तुम्ही खेळी दाखवा."

तो समोर येऊन बसला. "घाई केलीस. आधी राजा पुढं घ्यायचा."

"मी पाहिलं होतं ते. हत्ती मागून शह देतो."

"देऊ दे."

"कसं देऊ दे? प्यादं जातं."

"जात नाही. हे बघ." त्यानं चार चाली केल्या. तिनं दोन परत घेतल्या आणि वेगळ्या केल्या. तो पुढं वाकला. मग तो म्हणाला, "तुझं खरं आहे. हे दिसलं नव्हतं मला. मग उंटाच्या बाजूचं प्यादं आधी?"

"थांबा, लिहून घेते."

नामानं घड्याळ पाहिलं. "गायकवाडभाऊ, आजून किती टाइम?"

अहवाल पुरा झाला होता. खाली केसरीनाथच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती. पंढरीनाथांनी पेनाला टोपण लावलं.

"बस, नामा. त्यांना वेळ लागेल," ते म्हणाले, आणि गुडघे चोळत त्यांनी त्याच्यासाठीही एक खुर्ची ओढली.